मागच्या सीटवरून जंगल

लाखनीला हायवेच्या कडेला माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म. दिवसभर ट्रक जात असतात आणि संध्याकाळी काउंटरवरची धूळ बोटाने ओढली तर रेघ उमटते. उन्हाळा जवळ आला की लोक माझ्याकडे जंगल सफारीचं बुकिंग करायला येतात. दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांचे आधार नंबर टाकून मी कितीतरी लोकांना आमच्या जंगलात पाठवलं आहे. स्वतः मात्र चाळिशी ओलांडली तरी त्या गेटच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. गेट काही फार लांब नाही. स्वतःची गाडी असेल तर तासाभरात पोचता येतं. आमच्याकडे गाडी नव्हती.

आईची गोष्ट वेगळी. तिचं माहेर त्याच जंगलाच्या काठावरचं. लग्नाआधी ती आजीबरोबर मोह वेचायला, टेंभुर्णीची पानं तोडायला जंगलात जायची. जंगलात एक बोडी होती. आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात. त्या बोडीच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून एक मोठा उतरता दगड होता, त्यावर बाया मोहफुलं वाळत घालत आणि दुपारी तिथेच सावलीत आडव्या होत. आई कधी बसल्या बसल्या माहेराबद्दल बोलायला लागली की घराबद्दल थोडं आणि त्या दगडाबद्दल जास्त बोलायची. माहेरचं घर तर आता उरलंही नव्हतं. मामा गेले, त्यांच्या मुलांनी जागा विकली.

एक दिवस ती माझा डबा घेऊन दुकानात आली. मी भंडाऱ्याच्या कोणाचं तरी बुकिंग करत होते आणि स्क्रीनवर जंगलाचा फोटो होता. पाणी, पलीकडे झाडं, काठावर चितळं. आईने चष्मा वर केला.

"हे आमची बोडी तं नोहे?"

"माय, फोटो आहे तो. कुठलाही असू शकतो."

"मले एकदा ने ना वो बाई तिकडं," ती म्हणाली. "पाय चालतात तवर ने."

आईने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी फार थोड्या. घरात आम्ही दोघीच. दुकानाचं भाडं, तिची औषधं, लाइट बिल यांतून काही उरलं तर उरलं. पूर्ण जिप्सी घेणं म्हणजे आमच्या घरातला महिन्याचा किराणा एका दुपारी उडवणं, ते शक्यच नव्हतं. पण जिप्सी चालवणारा एक ओळखीचा माणूस लायसन्सच्या कामासाठी दुकानात यायचा. त्याला मी सांगून ठेवलं. मार्च संपता संपता त्याचा फोन आला.

"ताई, नागपूरचे चौघं हायेत. दुपारची गाडी हाय. दोन सीटा खाली हायेत, येऊन रायल्या का?"

मी ताबडतोब हो म्हटलं. दुकान बंद ठेवून नुकसान होणार होतं, तेही मी हिशोबात धरलं नाही.

सफारी दुपारची होती, पण दुपारी वेळेत पोचवणारी बस नव्हती, म्हणून आम्ही सकाळीच निघालो. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे बसमध्ये बायकाच बायका. आईला एकीने सरकून जागा दिली, मी साकोलीपर्यंत उभी. साकोलीला ऑटोवाला म्हणाला, "अजून दोन सवाऱ्या आल्या का निघू." दोन आल्या, तर त्याला आणखी दोन हव्या होत्या. आम्ही ऑटोत बसून घामाने भिजलो. उतरून दुसरा पाहावा तर दुसराही तसाच उभा. शेवटी त्याने आम्हाला फाट्यावर सोडलं. "गेट इथूनच जवळ हाय," म्हणाला. ते जवळ नव्हतं. डांबरी रस्ता तापला होता आणि आईचा उजवा गुडघा दुखरा. ती थोडं चालायची, कमरेवर हात ठेवून थांबायची, पुन्हा चालायची. बाजूने पर्यटकांच्या गाड्या काचा लावून जात होत्या. मी दोनदा हात केला. कोणी थांबलं नाही. नंतर मीच हात करणं सोडून दिलं.

गेटवर पोचलो तेव्हा सफारीला अजून खूप वेळ होता. तिथल्या कँटीनचे भाव पाटीवर वाचून आम्ही झाडाखाली बसलो आणि डबा उघडला. भात आणि लाखोळीचं वरण. वरण आंबायला आलं होतं. आई म्हणाली, "खाऊन घे, काही होत नाही." मी खाल्लं नाही, माझं डोकं दुखत होतं. पैसे कमी असले की त्यांच्या जागी वेळ द्यावा लागतो, हे मला तसं माहीत होतं, पण त्या दिवशी ते अंगावर आलं. ज्यांनी पूर्ण पैसे दिले ते सफारीच्या जरा आधी येणार होते, आणि आम्ही अर्धा दिवस आधी येऊन त्यांची वाट पाहत होतो.

आई मात्र खुशीत होती. झाडाखाली मोहाची फुलं पडली होती. तिने दोन उचलून वास घेतला आणि ओच्यात टाकली.

नागपूरचे चौघं एका मोठ्या गाडीतून उतरले. चौघेही पन्नाशीच्या आसपासचे, मित्र असावेत. त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात हातभर लांबीचा कॅमेरा होता आणि बोलायचं काम तोच करत होता. माझा ओळखीचा ड्रायव्हर जिप्सी घेऊन आला तसे ते चढले आणि पुढच्या सीटा धरल्या. आमच्यासाठी सगळ्यांत मागची राहिली, चाकांच्या वरची. आईला वर चढवायला मला आणि ड्रायव्हरला दोघांना जोर लावावा लागला. गाइड म्हणून जवळच्याच गावची एक बाई होती, खाकी शर्ट घातलेली. ती ड्रायव्हरजवळ बसली.

गेटच्या आत शिरलो आणि आईने ताबडतोब तिला हाक मारली. "अवो बाई, इथं एक बोडी हाय ना? पाळीवर मोठा दगड हाय, उतरता."

गाइड वळली. "बोड्या तीन-चार हायेत, मावशी. तुमची कोनती, कसं सांगू? गाडीच्या रस्त्यावर एकच हाय. बाकीच्याईकडे गाडी नाही जात."

"रस्त्यावरची असन," आई म्हणाली. "आमी रस्त्यानंच जात होतो."

मला तेव्हाच शंका आली. आईच्या काळातला रस्ता म्हणजे पायवाट.

जंगलात पळसाची फुलं जवळजवळ संपली होती, मोह मात्र जोरात होता. एका झाडाखाली पिवळट फुलांचा सडा पडलेला आणि त्यावर माश्या. आई एकदम पुढे झुकली. "हे कोनी वेचत नाही का? असेच सडून रायले?"

"इथं आत वेचता नाही येत, मावशी," गाइड म्हणाली.

"काहून?"

"नियम हाय."

आईला ते पटलेलं दिसलं नाही. ती मागे वळून वळून त्या झाडाकडे पाहत राहिली. पुढे चितळांचा कळप आला. पुढच्या सीटवर कॅमेरे खाटखाट वाजले. आई मला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "याईचं काय पाहाचं? हे तं आमच्या वावरात येऊन धान खाऊन जायचे."

दोघं हसले. कॅमेरावाला वळून म्हणाला, "आजी, जरा शांत बसा नं. आवाज झाला की टायगर निघून जातो."

आवाज चढवून तो बोलला नव्हता. तरी मला ते लागलं. आई पदर तोंडावर घेऊन बसली, धुळीमुळे की कशामुळे कोण जाणे.

मग वाघाचा शोध सुरू झाला. समोरून दुसरी जिप्सी आली, ड्रायव्हर एकमेकांशी हळू बोलले आणि आमची गाडी एकदम पळाली. मागच्या सीटवर आम्ही दोघी हवेत उडत होतो आणि खाली आपटत होतो. आईने एका हाताने दांडा धरला होता, दुसऱ्याने माझा दंड. एका वळणावर गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. वाघ इथेच झुडपात आहे म्हणे. कोणी बोलायचं नाही. आम्ही बसून राहिलो. ऊन पाठीवर. आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. मला वाघ दिसावा असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण वेळ जात होता आणि आम्ही ज्यासाठी आलो होतो ते कुठेतरी दुसरीकडे होतं.

न राहवून मी पुढे वाकले आणि हळूच म्हटलं, "दादा, त्या बोडीवर जाऊ या का? आईला पाहायची आहे. थोडा वेळ थांबू फक्त."

कॅमेरावाल्याने डोळ्यावरचा कॅमेरा काढला नाही. "ताई, आम्ही टायगरसाठी आलोय. चार सीट आमच्या आहेत."

"दोन आमच्याही आहेत."

"मग बहुमत झालं नं," त्याचा मित्र म्हणाला आणि पुन्हा हसला.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "वापस जाता जाता पाहू, ताई," म्हणाला. त्याचंही पोट या लोकांवर होतं. ते पुन्हा येणार होते, मित्रांना पाठवणार होते. मी कशाला पुन्हा येणार होते?

वाघ आला नाही. तिथून दुसऱ्या जागी गेलो, तिथेही नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला की आता निघावं लागेल, गेट बंद व्हायच्या आत बाहेर पडलो नाही तर त्याच्यावर कारवाई होते. आणि ज्या वेगाने आम्ही वाघामागे गेलो होतो त्याहून जास्त वेगाने परत निघालो.

गाइडने मागे वळून सांगितलं, "मावशी, डाव्या हाताले पाहा. बोडी येऊन रायली."

आई उभी राहिली. चालत्या जिप्सीत, दुखऱ्या गुडघ्यावर, दांड्याला धरून. झाडांतून पाणी चमकलं.

"थांब ना गा बाबू!" ती ओरडली. "मी उतरून पाह्यतो, आत्ता येतो."

"उतरता नाही येत, मावशी," गाइड म्हणाली. "दंड पडते आमाले."

"काहून? इथं तं मी दुपारची झोपत होती!"

पुढून कोणीतरी म्हणालं, "आजी, बसा हो, पडाल." मी आईची कंबर धरली होती. गाइडने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने गाडी हळू केली. थांबवली नाही, हळू केली. मागच्या गाड्या बाजूने पुढे गेल्या, त्यांची धूळ आली आणि पाणी, पाळ, झाडं सगळं तांबडं झालं. मग वळण आलं.

आई खाली बसली.

"दिसला दगड?" मी विचारलं.

"पानी दिसलं," ती म्हणाली. मग मागे वळून पाहत म्हणाली, "पाळ उलट्या बाजूनं होती का काय. नोहे वाटते ते."

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. सकाळपासूनची सगळी पायपीट, बंद दुकान, आंबलेलं वरण, आणि हाती काय, तर ती बोडी तीच होती की नाही हेही कळलं नाही. ड्रायव्हरवर रागवावं तर तो काय करणार होता. गाइडवर रागवावं तर तिने त्यातल्या त्यात आमच्यासाठी केलंच होतं. राग कोणावर काढायचा तेच कळेना, म्हणून आईवरच काढला. "नीट पाहायचं ना मग," मी तिला म्हटलं.

गेटवर नागपूरचे चौघं ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते. वाघ दाखवतो म्हणाला होतास, वगैरे. आमची पंचाईत वेगळीच. फाट्यावर आता ऑटो मिळेल की नाही याची खात्री नव्हती आणि तिथपर्यंत चालायची आईची ताकद नव्हती. ते लोक हायवेनेच नागपूरला जाणार होते, लाखनी त्यांच्या वाटेवरच होती आणि गाडीत मागे जागा होती. पण त्यांना विचारायची मला लाज वाटत होती. लाज म्हणण्यापेक्षा राग.

आईने विचारलं. सरळ कॅमेरावाल्याजवळ गेली. "बाबू, आमाले लाखनीवर सोडून देशीन का? माह्या गुडघा दुखते."

त्याने मागचं दार उघडलं. "बसा नं आजी," म्हणाला. "त्यात काय."

गाडीत एसी होता. आईने लहान मुलीसारखा हात जाळीसमोर धरला. साकोली मागे पडली तेव्हा कॅमेरावाल्याने सहज विचारलं, "आजी, तुम्ही खरंच त्या जंगलात राहत होता?"

"काठावर. आत मोह वेचायले जात होतो."

"मग वाघ पाहिला असेल तुम्ही."

"पाह्यला ना," आई म्हणाली, जसं काही बाजार पाहिला म्हणावं. आणि सांगायला लागली. पहाटे सगळ्या बाया मोहाखाली वाकून वेचत होत्या. बोडीच्या पलीकडच्या काठाला वाघ येऊन पाणी प्यायला लागला. आई तेव्हा लहान, टोपली टाकून पळणार होती. आजीने तिचा हात पकडला. "माय म्हणे, पळू नको. त्याच्याकडं पाहूबी नको. खाली मान घालून वेच. आमी सगळ्या वेचतच रायलो. त्यानं पोटभर पानी पेलं आन् चालला गेला. मंग माय मटकन खाली बसली त्या दगडावर आन् हसाले लागली. कितीतरी वेळ हासत होती."

ही गोष्ट आईने मलाही कधी सांगितली नव्हती. दगडाबद्दल इतकं ऐकलं, हे नाही.

गाडीत चौघंही वळून ऐकत होते. कॅमेरावाला म्हणाला, "अरे वा! आजी, हे तुम्ही तिथेच का नाही सांगितलं?"

मला सहन झालं नाही. "ती बोलतच होती," मी म्हटलं. "तुम्ही शांत बसा म्हणालात."

आईने माझ्या मांडीला चिमटा काढला, चांगला जोरात. गाडी चालवणाऱ्याने समोरच्या ट्रकला हॉर्न दिला आणि ओव्हरटेक केलं. लाखनी आली. उड्डाणपुलाखाली उतरताना कॅमेरावाल्याने आईचा हात धरून तिला खाली घेतलं. "सांभाळून, आजी," म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही आणि मीही थँक्यू म्हटलं नाही.

घरी पोचल्यावर आईने गुडघ्याला तेल लावता लावता मला सुनावलं. "लोकाच्या गाडीत बसून लोकालेच बोलतं कोनी? तुले गोड बोलताच येत नाही."

"तो तुला काय बोलला ते विसरलीस?"

"त्यानं घरी आनून सोडलं ना. तू काय चालवत आनली असती मले?"

ती जे म्हणाली त्यात खोट नव्हती, आणि तरी मला ते मान्य नव्हतं. आजही नाही. दोन सीटांचे पैसे आम्हीही मोजले होते. त्या बदल्यात आम्हाला काय मिळालं, तर मागची सीट, आणि शेवटी त्यांच्या गाडीत बसल्याबद्दल त्यांचे उपकार.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि पहिलं काम बाजूला ठेवून संगणकावर उपग्रहाचा नकाशा काढला. जंगल वरून शेवाळासारखं दिसतं. त्यात पाण्याचे डाग शोधले. गाडीच्या रस्त्यावरचा एक मिळाला, आणि आत, रस्त्यापासून लांब, आणखी दोन-तीन. आईचं माहेर कोणत्या बाजूला ते मला साधारण माहीत होतं. संध्याकाळी तिला खुर्चीवर बसवून दाखवलं. मोठं केलं, लहान केलं.

"यातली कोणती, माय?"

तिने खूप वेळ पाहिलं. स्क्रीनला नाक लागेपर्यंत वाकून पाहिलं. मग मागे टेकली.

"मी वरून कधी पाह्यलीच नाही ना," ती म्हणाली.

त्यानंतर पावसाळा आला आणि जंगल बंद झालं. पुन्हा उघडलं तेव्हा दर वाढले होते. मी ठरवलं होतं की पुढच्या वेळी पूर्ण जिप्सी घ्यायची, आपल्या मर्जीने थांबायचं, त्या बोडीच्या काठावर गाडी उभी करून आईला हवं तेवढा वेळ पाहू द्यायचं. ओळखीच्या ड्रायव्हरला तसं सांगूनही ठेवलं. तो म्हणाला, "ताई, उतरता तं तरीबी येनार नाही." मला माहीत आहे. दुसरीकडे आईचा गुडघा आणखी बिघडला, डॉक्टरने जिने चढू नका म्हणून सांगितलं. आता तिला जिप्सीत चढवायचं म्हणजे उचलूनच ठेवावं लागेल.

दुकानात बुकिंगला लोक येतच असतात. परवा एकजण विचारत होता, कोणत्या गेटवरून वाघ नक्की दिसतो? मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि त्याचं आधार कार्ड मागितलं. आई त्या जंगलाचा विषय आता काढत नाही. तिने काढावा असं मला फार वाटतं. काढला तर निदान, नाही जमत गं, एवढं तरी मला तिला सांगता येईल.